खिंडीपलीकडचं ‘येते’

माझी बायको एका बँकेत रिस्क खात्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. म्हणजे इतरांचा पाय कुठे घसरू नये हे बघण्याचा तिला पगार मिळतो. ती स्वतः मात्र वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी कामशेतच्या एका डोंगरावरून पळत सुटली आणि जमीन संपली तरी थांबली नाही. दिवाळीत माहेरी पुण्याला गेली होती, तिथून फोन आला की चार दिवसांचा एक कोर्स करतेय. मला वाटलं योगासनं असतील. मी म्हटलं, कर की.

सिंगापूरला परतली ती पाठीवर भलीमोठी पिशवी घेऊन. पिशवीत पॅराग्लायडर. ती त्याला पंख म्हणते, मी कापड म्हणतो. आमच्या घरातली बरीच भांडणं या दोन शब्दांच्या मधल्या जागेत झाली आहेत.

माझी बाजू आधी मांडून ठेवतो. मी सिंगापुरातच नोव्हेना भागातल्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. पडलेला माणूस आतून कसा दिसतो हे मी रोज बघतो, आणि त्यातले बहुतेक लोक आकाशातून नव्हे, बाथरूममध्ये किंवा बसमधून उतरताना पडलेले असतात. आकाशातून पडलेल्यांचं काय होत असेल याचा मी हिशोब लावू शकतो. आमचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर आहे आणि त्याच्या खिडकीतून मी फक्त समोर बघतो, खाली कधीच नाही. पुलाउ उबीन बेटावर भाड्याच्या सायकली घेऊन गेलो होतो तेव्हा उतारावर मी सायकल हातात धरून चाललो. मागून आलेली लहान मुलं घंटी वाजवून पुढे गेली. मला लाज वाटली नाही.

सिंगापुरात उडता येत नाही. इथल्या सर्वांत उंच टेकडीवर लोक नाश्त्याआधी जाऊन येतात. पण बायकोला तिकडे आल्प्समध्ये उडायचं होतं, आणि नुसतं वरून खाली तरंगत यायचं नव्हतं. तिला क्रॉस-कंट्री करायचं होतं. म्हणजे एका डोंगरावरून निघायचं, वर चढणारी गरम हवा शोधायची, तिच्यात गोल गोल फिरत घारीसारखं उंच जायचं, आणि तशीच हवा पकडत पकडत दुसऱ्या खोऱ्यात जाऊन उतरायचं. इंजिन नाही, सोबत कोणी नाही. एका विशिष्ट खिंडीचा नकाशा तिने फ्रिजवर लावला होता. फ्रिजमधून दूध काढताना मला रोज सकाळी ती खिंड दिसायची.

तयारी तीन वर्षं चालली. आमच्या ब्लॉकला पंचवीस मजले आहेत. लिटिल इंडियातल्या चोवीस तास उघड्या दुकानातून तूरडाळीची पाकिटं आणून तिने पिशवीत भरली आणि ती पाठीला लावून ती जिने चढायला लागली. शेजारच्या चिनी ऑन्टी काळजीने मला विचारायच्या, लिफ्ट फक्त तुमच्याच घराला बंद आहे का? डाळीची मुदत संपत आली की आम्ही वरण करायचो आणि नवी पाकिटं आणायचो. त्या तीन वर्षांत आमच्या पोटात गेलेली डाळ माझ्यापेक्षा कितीतरी जास्त जिने चढलेली होती.

एक गोष्ट कबूल करायला हवी. सकाळी ऑफिसला निघताना बायको दारातून ‘येते’ म्हणते आणि मी मान वर न करता ‘ये’ म्हणतो. हे लग्नापासून चालू आहे. पण त्या पिशवीसकट निघाली, मग ती जिन्यासाठी असो की कामशेतसाठी, की मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायचो. तिचं ‘येते’ मला ऐकू यायचं. पाण्याच्या आवाजात उत्तर द्यावं लागत नव्हतं, एवढंच. मी भांडत नव्हतो, अडवत नव्हतो, फक्त ‘ये’ म्हणत नव्हतो. तीन वर्षं मला वाटत होतं की हे तिच्या लक्षात आलेलं नाही.

शेवटी आमच्या मुलीने मध्यस्थी केली. ती तेव्हा सतरा वर्षांची होती, मराठी समजते, बोलताना मात्र शेवटी ‘ला’ लावलेल्या इथल्या सिंगापुरी इंग्रजीत उत्तर देते, आणि आमच्या दोघांपेक्षा तिला न्यायबुद्धी जास्त आहे. तिने जेवणाच्या टेबलावर करार केला. आई दहा दिवस आल्प्सला जाईल. बाबा सोबत जातील, भाड्याची गाडी चालवतील आणि आई उतरेल तिथून तिला आणतील. खिंड ओलांडण्याआधी आई वॉकी-टॉकीवर बाबांना सांगेल. आणि बाबांना एक जरी धसका बसला, तर पंख विकून टाकायचा, कायमचा. धसका म्हणजे नेमकं काय, हे ठरवायचा अधिकार माझा. हे कलम मी हुशारीने घालून घेतलं होतं. मला धसका बसायला फार काही लागत नाही.

बायको कबूल झाली. रिस्क खात्यातल्या बाईने असा करार मान्य करावा याचं मला तेव्हाच आश्चर्य वाटायला हवं होतं. पण तिला त्या खिंडीपलीकडे काहीही करून जायचं होतं, आणि एवढ्या किमतीला तिने ते मागून घेतलं.

आल्प्समध्ये पहिले तीन दिवस हवा उडण्याजोगी नव्हती. मी मनातल्या मनात पेढे वाटले. पण बायको म्हणाली, उडता येत नाही तर चढू या. तिने एक वाटाड्या ठरवला, उन्हाने रापलेला, फार न बोलणारा माणूस. त्याने पहाटे आम्हाला बर्फाच्या कडेला नेऊन बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधले, आणि मग एका दोरीला आधी स्वतःला, मग मला, मग बायकोला बांधलं. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, पण खरोखर दोरीने बांधून घ्यायची ही पहिलीच वेळ. वाटाड्याने नियम सांगितला, दोरी ताणायची नाही आणि पायात लोळू द्यायचीही नाही. मी ती इतकी ताणली की दर दहा पावलांनी तो मागे वळून माझ्याकडे बघायचा.

शिखर फार मोठं नव्हतं. तिकडच्या आज्याही चढतात असं नंतर कळलं. मी शेवटचा अरुंद धारेवरचा भाग रामरक्षा म्हणत पार केला, आणि ती अर्धीच येते म्हणून दोनदा म्हटली. वर बसून आम्ही शंकरपाळे खाल्ले. वाटाड्याने एक घेतला, चावून बघितला आणि मग मूठभर खिशात टाकले. बायको मात्र खात नव्हती. तिने काठीने समोर दाखवलं आणि म्हणाली, ती बघ, आपली खिंड. फ्रिजवरच्या नकाशात ती बोटभर होती. इथे दोन काळ्या डोंगरांच्या मधे ती एवढी उंच आणि उघडी होती की माझ्या तोंडचा शंकरपाळा तसाच राहिला. बायकोचा चेहरा मात्र असा झाला होता की मी दुसरीकडे बघितलं.

चौथ्या दिवशी आकाश स्वच्छ झालं. सकाळी ती पिशवी घेऊन डोंगर चढून गेली आणि मी खाली उतरण्याच्या कुरणात गाडी लावून बसलो. कुरणात गायी होत्या, प्रत्येकीच्या गळ्यात घंटा. मी चटई पसरली, थर्मासमध्ये आलं घातलेला चहा होता, दोन कप होते. फोन गाडीत ठेवला होता, कारण दोन्ही हातांनी वॉकी-टॉकी धरल्याशिवाय मला चैन पडत नव्हती. बायकोच्या खांद्यावर एक छोटं यंत्र होतं, ते ती कुठे आहे याचा ठिपका नकाशावर दाखवतं. त्याचं अॅप मुलीने सिंगापुरात बसून आपल्या फोनवर घेतलं होतं. मी घेतलं नव्हतं. त्यात उंचीचा आकडाही दिसतो.

दुपारी एकच्या सुमाराला ती उडाली. मला एक लाल रेघ दिसली, मग ती फिरत फिरत लहान होत गेली. मधूनमधून वॉकी-टॉकीवर आवाज यायचा, ठीक आहे, छान आहे, थंडी आहे. मी उत्तर द्यायचो, पण ते यंत्र मला कधी जमलंच नाही. बोलायच्या आधी बटण दाबायचं विसरायचो, नाहीतर वाक्य संपायच्या आत बोट उचलायचो. माझी निम्मी वाक्यं गायींनीच ऐकली.

ती खिंडीच्या अलीकडे पोहोचली आणि तिथेच घिरट्या घालायला लागली. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मी माझं भाषण तयार ठेवलं होतं. ती विचारणार, जाऊ का? मग मी सांगणार की ढग बरे दिसत नाहीत, वारा वाढतोय, उद्या बघू. ढग एकही नव्हता, पण ते वरून तिला दिसेल याचा विचार मी केला नव्हता.

मग आवाज आला. “चल, येते मी.”

मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. शहाणी आहे माझी बायको, म्हटलं. तिथपर्यंत गेली, बघितलं आणि परत यायला निघाली. मी बटण दाबलं आणि मोठ्या मायेने म्हणालो, “ये गं, ये.” पुढे म्हणालो की चहा ओतून ठेवतो, चटईच्या डाव्या बाजूला उतर, उजवीकडे शेण आहे. पण बोट तोवर उचललेलं होतं.

मी दोन्ही कप भरले. तिच्या कपावर थर्मासचं झाकण ठेवलं. वर बघितलं तर लाल रेघ कुठेच नव्हती.

पहिली वीस मिनिटं मला वाटलं, सूर्य डोळ्यांवर येतोय. मग हाका मारल्या. वॉकी-टॉकीतून नुसती खरखर. मी माझा चहा प्यायलो, तिच्या कपाला हात लावला नाही. अर्धा तास झाला, तास झाला. त्या कुरणात आणखी तीनचार जण येऊन उतरले, पंख गुंडाळून निघून गेले. मी एकाला हातवारे करून विचारलं, लाल? त्याने खांदे उडवले आणि खिंडीच्या दिशेने बोट केलं. मला वाटलं तो सांगतोय, तिकडे पडली.

त्यापुढचा वेळ मी लिहायला नको. एवढंच सांगतो की मला माझ्या कामाचा पहिल्यांदा तिरस्कार वाटला. माणसाच्या हाडांची नावं मला पाठ आहेत आणि ती सगळी मला एकेक करून आठवत होती, तळपायापासून वर. मी पायाशी बघत बसलो होतो आणि मला राहून राहून एकच गोष्ट टोचत होती, की तीन वर्षं मी नळ सोडून उभा राहिलो. दारापर्यंत गेलो नाही.

शेवटी बचाव पथकाला फोन करायला म्हणून गाडीकडे पळालो. तिचा चहाचा कप हातातच होता. तो का घेतला होता कोण जाणे, पण सांडू न देता पळालो आणि गाडीतल्या कप ठेवायच्या खळग्यात ठेवला. फोन उचलला तर बायकोचे दोन आणि मुलीचे नऊ मिस्ड कॉल. हातात असतानाच तो पुन्हा वाजला.

मुलगी म्हणाली, “बाबा, व्हाय यू स्टिल देअर? आई खिंडीच्या दॅट साइडला लँड झाली, लाँग टाइम ऑलरेडी.”

मी गवतात बसलो. मग ओरडलो. म्हटलं, तिने मला सांगितलं ‘येते’, ‘येते’ म्हणाली ती, मी इथे चहा घेऊन बसलोय. आणि बोलता बोलता रडायलाच लागलो. सहा तास पुढच्या घड्याळात, सिंगापुरातल्या आमच्या स्वयंपाकघरात, माझी मुलगी माझं रडणं संपेपर्यंत थांबली.

मग शांतपणे म्हणाली, “बाबा, आई एव्हरी मॉर्निंग ‘येते’ म्हणते, देन शी गो ऑफिस व्हॉट. ‘येते’ मीन्स शी गोइंग ला.”

मी चोवीस वर्षं ते ‘येते’ ऐकत आलो होतो. निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही, हे मला माझ्या आईने शिकवलं, तिला तिच्या आईने. आणि जिला साधं ‘भाकरी’ म्हणताना अडखळायला होतं त्या पोरीने मला माझ्या भाषेचा अर्थ समजावून सांगावा. तिला म्हटलं, हे मी रडलो वगैरे आईला कळू देऊ नकोस. ती म्हणाली, “ओके, बट यू ओ मी बबल टी.”

तिकडे पोहोचायला गाडीने दीड तास लागला. बायको वरून सरळ गेली होती, रस्त्याला मात्र डोंगराला वळसा घालावा लागतो. त्या दीड तासात मी सगळं पाठ करत होतो. धसका बसला आहे. कलम लागू आहे. पंख विकायचा आहे. एकदा तर रस्त्याकडेला थांबून मोठ्याने म्हणून बघितलं.

ती एका गावाबाहेरच्या गवताच्या शेतात होती. पंख गुंडाळून झाला होता, त्या पिशवीवर बसून ती कोणीतरी दिलेले जर्दाळू खात होती. नाक उन्हाने लाल झालेलं. मला बघून उठली आणि चक्क पळत आली. चोवीस वर्षांत ती माझ्याकडे पळत आल्याचं मला आठवत नाही. एमआरटी मेट्रोचं दार बंद होत असतानासुद्धा ती चालतच येते.

माझं वाक्य तयार होतं. मी तोंड उघडलं, पण ती आधी बोलली.

“मी तिथे पंधरा मिनिटं फिरत होते. हात गारठले होते, तरी जायला धीर होईना. म्हटलं, हा ‘ये’ म्हणाला नाही तर मी मुकाट्याने परत फिरणार. आणि तू ‘ये गं’ म्हणालास.” तिचे डोळे भरून आले. “तीन वर्षांत पहिल्यांदा म्हणालास. पुढे काहीतरी बोललास, पण तुटलं. काय म्हणालास?”

मला खूप राग आलेला होता, तो कुठेही गेलेला नव्हता. आणि मला तिच्याकडे बघून इतका आनंद झाला की तोही लपवता येईना. दोन्ही एकदम कसं वाटतं हे मला त्याआधी माहीत नव्हतं. मी म्हणालो, “जपून ये, म्हणालो.”

उशीर का झाला असं तिने विचारलं. मी म्हटलं, चौकात चुकीचं वळण घेतलं, मग गायी आडव्या आल्या. फोन का उचलला नाहीस? गाडीत राहिला होता. एवढं तरी खरं होतं. ती गाडीत बसली, पट्टा लावला, आणि तिचं लक्ष खळग्यातल्या झाकलेल्या कपाकडे गेलं. झाकण काढून बघितलं. चहावर साय धरून तो पार गार झाला होता. तिने तो पिऊन टाकला आणि परतीच्या वाटेवर खिंडीबद्दल सांगत राहिली. वरून दोन्ही खोरी एकदम दिसतात, म्हणाली. एकीकडे गाडीच्या छपरावर ऊन चमकताना दिसत होतं, ते तू असणार असं वाटलं.

सिंगापूरला आल्यावर पहिल्याच रविवारी निकाल होता. पिशवी हॉलमध्ये मधोमध ठेवलेली. आम्ही पोहे खात होतो. मुलीने चमचा खाली ठेवला आणि विचारलं, “सो, बाबा. धसका गॉट ऑर नॉट?”

बायको पोह्यांतले शेंगदाणे एका बाजूला काढत होती. तिने वर बघितलं नाही. तिचा हात मात्र थांबला होता. एका शब्दाचा प्रश्न होता आणि तो शब्द ठरवायचा अधिकार माझा होता. त्या कुरणातली दुपार अजून माझ्या अंगात होती, आजही आहे. लिफ्ट अडकली, फोनची खरखर झाली, की मी पुन्हा त्या गवतात बसलेला असतो.

“छे,” मी म्हणालो. “कसला धसका?”

मुलीने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, “ओके ला. विंग कॅन स्टे,” आणि लिंबू मागितलं. बायकोने शेंगदाणे परत पोह्यांत ढकलले. त्यानंतर तिघांपैकी कोणीही तो विषय काढला नाही. मुलीला मात्र मी बबल टी पाजला, एकदा नव्हे, दर शनिवारी.

यंदा दिवाळीत बायको पुन्हा कामशेतला निघाली. खाली टॅक्सी येऊन थांबली होती. पाठीवर पिशवी लावून तिने चप्पल घातली आणि सवयीने बाथरूमच्या दिशेने आवाज दिला, “येते.”

मी नळाजवळ नव्हतो. मी दारातच, तिच्या मागे उभा होतो.

“ये,” मी म्हणालो.

ती लिफ्टपर्यंत गेली. आत शेजारच्या ऑन्टी भाजीच्या पिशव्या घेऊन उभ्या होत्या. बायको आत शिरली, मग दार बंद व्हायच्या आत तिने पाय मधे घातला आणि डोकं बाहेर काढलं.

“एक विचारायचं राहिलं,” ती म्हणाली. “ये म्हणजे जाऊ, की परत फिरू? चहा ओतून ठेवला असशील तर आत्ताच सांग.”

ऑन्टी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. दार पुन्हा पुन्हा तिच्या पायाला लागून मागे सरत होतं.

“जाऊन ये,” मी म्हणालो.